शुक्रवारची काच

परवा सुनेच्या मैत्रिणीने विचारलं, "आजी, तुम्ही मद्रासला नोकरी काय करत होता?" मी म्हटलं, "लोकांच्या चेहऱ्यावरचे खड्डे बुजवत होते." तिला वाटलं मी नर्स होते. सुनेला इतकी वर्षं वाटत होतं की मी फोटो काढायचे. तेही खोटं. फोटो मी उभ्या जन्मात मोजून सात काढले, आणि सातही एकाच माणसाचे. त्या माणसाबद्दल सांगायला बसले आहे, पण आधी माझा धंदा समजावून सांगते, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल.

मी रिटचर होते. तेव्हा फोटो कागदावर यायच्या आधी काचेवर यायचा, आणि काचेवर सगळं उलटं. गोरं ते काळं, काळं ते स्वच्छ पारदर्शक. कपाळावरची आठी काचेत बघाल तर नितळ रेघ दिसते. त्या रेघेत पेन्सिलीने बारीक बारीक ठिपके भरले की कागदावर आठी गायब. पेन्सिल वाळूच्या कागदावर घासून सुईसारखी करायची, काच तिरप्या मेजावर ठेवायची, खाली आरसा, आरशात खिडकीतला उजेड. शेजारच्याला शिंक येणार असं दिसलं की मी हात उचलायची. दिवसाला पाच-सहा चेहरे व्हायचे आणि संध्याकाळी बस दोन-दोन दिसायची.

या धंद्यात मी भांडणातून शिरले. लग्न होऊन साताऱ्याहून मद्रासला गेले तेव्हा पन्नास साल उलटून गेलं होतं. आमचे हे रेल्वेच्या कचेरीत, एग्मोरला. तमिळचा गंध नाही, उकाड्याने जीव नकोसा. ह्यांना हौस आली म्हणून स्टेशनाजवळच्या एका स्टुडिओत जोडीने फोटो काढला. फोटो हातात आला आणि बघते तर माझ्या हनुवटीवरचा तीळ नाही! मी तिथेच मराठीत कडाकडा बोलायला लागले, की माझा तीळ कुठे गेला, कोणी सांगितलं होतं काढायला. गल्ल्याच्या मागून एक उंच, काळेसावळे, कपाळाला गंध लावलेले गृहस्थ उठले आणि पोट धरून हसायला लागले. म्हणाले, "अय्यो बाई! इतकी वर्षं झालीं, डाग परत पाहिजे म्हणून आजवर कोणीच मज सांगटलें नाही. बैसा. तुम्हीच लावून घ्या."

ते सेतुराव. तंजावरचे मराठी. सगळे त्यांना अण्णा म्हणत. त्यांची मराठी आमच्या पणजीच्या काळातली आणि वर तमिळ हेल. पहिले सहा महिने मी तोंडाला पदर लावून हसायची, आणि ते माझ्या मराठीला हसायचे. त्या दिवशी त्यांनी ब्रश हातात दिला, मी फोटोवर तीळ लावला, तो त्यांनी भिंगातून पाहिला आणि विचारलं, "उद्यापासून येता का?" सासूबाई गावी होत्या, विचारायला कोणी नव्हतं. गेले.

अण्णांनी मला सगळं शिकवलं. हात चांगला होता माझा, उगाच नम्रपणा कशाला करू? देवीचे व्रण बुजवण्यात तर माझा हात धरणारा कोणी नव्हता. लग्नाच्या मुलींचे फोटो आले की अण्णा म्हणायचे, "हें बाईंकडे." अशीच एक मुलगी. देवीने चेहऱ्याची पार चाळण झालेली. मी तीन दिवस बसले आणि तिला लोण्यासारखी केली. फोटोवरून पसंती आली. मुलाकडची मंडळी तिरुचीहून बघायला आली आणि चहा न घेता उठून गेली. मुलीचा बाप स्टुडिओत आला. मला वाटलं आता शिव्या देणार. तो नुसता बाकावर बसून राहिला आणि थोड्या वेळाने निघून गेला. त्यानंतर आठवडाभर अण्णांकडून लग्नाचा एकही फोटो माझ्या मेजावर आला नाही.

दुसरी मोठी कामं मेलेल्या माणसांची. हे ऐकून तुम्ही नाक मुरडाल, पण तेव्हा रीत होती. माणूस जिवंत असताना फोटो काढायचं कुणाच्या मनात येत नसे. गेला की धावाधाव. अण्णा कॅमेरा घेऊन जायचे, प्रेताला खुर्चीत बसवलेलं असायचं, आणि मग काच माझ्याकडे यायची, "डोळे उघडून द्या" म्हणून. मद्रासमध्ये डोळ्यांचे डॉक्टर सोडले तर माझ्याइतके डोळे कोणी उघडले नसतील. एकदा एका म्हाताऱ्याने बायकोचा फोटो परत आणला. म्हणाला, डोळे सुंदर आहेत, पण ही ती नव्हे, ती जराशी तिरळी होती. दुसरा करून दिला. फोटो बघून तो लहान मुलासारखा हसला.

आता मूळ गोष्टीवर येते.

साठ साल उलटल्यावरची एक गणेश चतुर्थी. अण्णांचं जेवण उतरत चाललं होतं. मोदकसुद्धा अर्धा टाकला. मामींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, मला बरोबर घेऊन डॉक्टर गाठला, कारण एकटीने ऐकायची त्यांना भीती वाटत होती. मूलबाळ नव्हतं त्यांना. डॉक्टर व्हरांड्यातच हळू आवाजात बोलला. पोटातली गाठ, कापूनही उपयोग नाही. मामींनी विचारलं, किती दिवस? तो म्हणाला, "दिवाळी दिसेल. पोंगल नाही."

पोंगल म्हणजे आपली संक्रांत. परत येताना रिक्षात मामी एकच वाक्य बोलल्या. "ह्यांस सांगायचं नाही." तेव्हा अशीच पद्धत होती. रोग्याला सोडून सगळ्या आळीला माहीत. अण्णांना सांगितलं की अल्सर आहे, तीन महिने विश्रांती.

पण अण्णा फोटोग्राफर. माणसांच्या बोलण्यावर त्यांचा कधीच भरवसा नव्हता. दुसऱ्या दिवशी मला वर बोलावलं. स्टुडिओच्या माडीवरच ते राहत. उत्तरेकडच्या मोठ्या खिडकीशी वेताची खुर्ची टाकून बसले होते. म्हणाले, "बाई, दर शुक्रवारीं सकाळीं दहाला माझा एक फोटो घ्यायचा. एकाच खुर्चींत, एकाच उजेडांत. मी भरतों का उतरतों तें बघायचं आहे. डॉक्टर खोटं बोलेल, ही तर बोलतेच आहे. काच बोलत नाही."

"अण्णा, मी कधी कॅमेऱ्याला हात लावलेला नाही."

"म्हणून तर. तुम्हांस हुशारी सुचणार नाही. आणि एक. पेन्सिल लावायची नाही."

मी हो म्हटलं. मनात म्हटलं, देवा, हे काय लचांड गळ्यात आलं.

पहिल्या शुक्रवारी काळ्या कापडाखाली डोकं घातलं तर आत अण्णा उलटे टांगलेले. कॅमेऱ्यात माणूस उलटाच दिसतो हे मला माहीत होतं, पण आपलं माणूस तसं पाहिलं नव्हतं. अण्णा खुर्चीतून हुकूम सोडत होते, काच घाला, नळीचा रबरी चेंडू दाबून भिंग उघडा, दोन मोजा. सगळं केलं आणि काचेच्या पेटीवरचं झाकण ओढायचंच विसरले. धुतली तर काच कोरी. अण्णा इतके हसले की खोकल्याची उबळ आली आणि मामी माझ्यावर डाफरल्या.

दुसऱ्या शुक्रवारी फोटो नीट आला. फार नीट आला. गालांची हाडं, गळ्याच्या शिरा, डोळ्यांखाली खड्डे. रोज बघत होते त्या माणसाला, पण किती उतरलाय ते कागदावर कळलं. अण्णांनी फोटो हातात धरला, बराच वेळ बघितला आणि उशीखाली ठेवला. त्या दिवशी कंजी, आपली तांदळाची पेज, घेतली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मामी खाली माझ्या मेजापाशी आल्या. कधी स्टुडिओत पाय न ठेवणारी बाई, ती माझ्या तिरप्या मेजाला धरून उभी.

"सुमती, गाल थोडे भरून दे."

"मामी, मी शब्द दिलाय."

"तुझा शब्द राहूं दे. त्यांस दोन घोट कंजी जाऊं दे."

मला सांगा, काय करायचं होतं मी? तुम्ही काय केलं असतं?

भरले. पुढच्या शुक्रवारी गाल अगदी किंचित भरले, डोळ्यांखालची रेघ अर्धी पुसली. एकदम गुबगुबीत केले असते तर म्हातारा फसला नसता. दर शुक्रवारी थोडं थोडं, जसं बरं होणारं माणूस भरतं तसं. असं काम मी जन्मात केलं नव्हतं. पेन्सिलीचा एक ठिपका कुठे दिसू नये, कारण ठिपके द्यायला मला ज्यांनी शिकवलं त्यांच्याच हातात तो फोटो जाणार. अण्णा भिंग लावायचे. मी त्यांच्या भुवयांकडे बघत उभी. मग भिंग खाली यायचं आणि ते मामींना हाक मारायचे, "कंजी आण ग."

ती हाक ऐकून मामींचा चेहरा फुलायचा. आणि मी घरी येऊन ताटावर बसले की घास उतरायचा नाही. आमचे हे म्हणायचे, "ज्याच्याकडून शिकलीस त्यालाच फसवतेस? कळलं तर?" मी म्हणायची, गप्प बसा. खरी भीती वेगळीच होती, ती मी ह्यांनाही सांगितली नाही. त्यांना कळलंच नाही तर काय, ही ती भीती.

कारण अण्णा बेत करायला लागले होते. फोटोच्या मागचा नवा पडदा रंगवून घ्यायचा म्हणून रंगाऱ्याला बोलावलं. मला म्हणाले, "तुमच्या ह्यांस सांगा, पोंगलला तंजावरचीं दोन तिकिटं बघा म्हणून." तंजावरला त्यांचा धाकटा भाऊ होता. कशावरून तरी बिनसून दोघांचं बारा वर्षं बोलणं नव्हतं. आजारपण ऐकून त्याने आपण होऊन पत्र लिहिलं, मी येतो. अण्णांनी मला पाचवा फोटो दाखवत सांगितलं, "त्यास लिहून टाकलों, तूं येऊं नको, मी बरा होतों आहे, मीच येतों." पत्र टपालात पडलंही होतं. मी जिना उतरले आणि खालच्या पायरीवर बसूनच राहिले. मामींना सांगितलं, "भावाला परत बोलवा, तुम्ही लिहा." मामी म्हणाल्या, "लिहिलें तर तो येऊन रडेल. ह्यांस कळेल." आणि कंजी ढवळायला लागल्या. दिवाळीला चार दिवस होते. डॉक्टरचं वाक्य माझ्या कानात घुमत होतं आणि मी आपली सहाव्या काचेवर गाल भरत होते.

दिवाळी झाली. अण्णांनी पहाटे गंगास्नान केलं, म्हणजे मामींनी डोक्यावर गरम पाण्याचे चार थेंब घातले. मद्रासला दिवाळीत पाऊस असतो. पुढच्या शुक्रवारी पाऊस थांबला होता पण आभाळ दाटलेलं, खिडकीतून राखेसारखा उजेड. मी कॅमेरा लावला, काच घातली, झाकणही आठवणीने बघून ठेवलं. अण्णा म्हणाले, "थांबा. इकडे या."

मांडीवर पाट होता. पाटावर सहाही फोटो ओळीने मांडलेले. आणि सगळ्या चेहऱ्यांवरून काळ्या कागदाची एक लांब पट्टी आडवी टाकलेली. फक्त धड दिसत होतं, आणि गुडघ्यांवर ठेवलेले हात.

"हे कोणाचे हात, बाई?"



हात! हात विसरले होते मी. आमच्या धंद्यात हाताला पेन्सिल कोणी लावत नाही. लोक पैसे देतात ते तोंडाचे. दहा वर्षं मी कुणाच्या हाताकडे बघितलं नव्हतं, आणि त्याच सवयीने पाच काचांवर तोंड तेवढं केलं. ओळीने बघाल तर एकेका शुक्रवारी हात वाळत गेले होते. सहाव्या फोटोत नुसती हाडं आणि वर कातडं. ते हात आणि वरचा तो तजेलदार चेहरा, दोन वेगळी माणसं.

"काचा आणा," अण्णा म्हणाले. "कापूस आणा. टर्पेंटाइन आणा."

आणलं. पेन्सिल टर्पेंटाइनने निघते. पहिली काच जशीच्या तशी होती, उरलेल्या पाच त्यांच्यासमोर एकेक करून पुसल्या. अण्णा प्रत्येक काच खिडकीकडे धरून बघायचे आणि खाली ठेवायचे. काच उलटी असली तरी त्यांना सुलटं दिसायचं, तेवढी वर्षं गेली होती त्यात. पाच आठवड्यांचा आजार त्यांनी पंधरा मिनिटांत बघितला.

"आरसा रोज सांगत होता," ते म्हणाले. "मी त्यास म्हणटलों, तूं खोटा. काच खरी. मी विश्वास ठेवलों, बाई." आवाज चढला. "माझा भाऊ येत होता! मी त्यास नको म्हणटलों. तुम्ही बघत होता ना? फोटो हातांत घेऊन मी सांगत होतों, आणि तुम्ही उभ्या राहून बघत होता!"

मी म्हटलं, "चुकले, अण्णा." दुसरं काय होतं बोलायला?

"कोणी सांगटलें तुम्हांस?"

"कोणी नाही. मीच केलं."

"मी सांगटलें," दारातून आवाज आला. मामी कंजीचं भांडं घेऊन उभ्या होत्या. कधीपासून, कोण जाणे.

अण्णांनी त्यांच्याकडे बघितलं. रागाने बघतील असं मला वाटलं होतं. त्यांनी हळूच विचारलं, "डॉक्टर काय बोलला?"

भांड्यातली वाफ मामींच्या तोंडावर येत होती. अण्णांनी पुन्हा विचारलं. मग त्यांनी सांगून टाकलं, जसं व्हरांड्यात ऐकलं होतं तसंच. "दिवाळी दिसेल म्हणटला. पोंगल नाही."

खाली रस्त्यावर फुलवाली ओरडत गेली. अण्णा बोटांवर काहीतरी मोजत होते. मग म्हणाले, "अग, तूं दोन महिने हें एकटीच घेऊन बैसलीस? इकडे ये."

मामींनी भांडं जमिनीवर ठेवलं. खुर्चीशेजारी माझं स्टूल होतं त्यावर बसल्या, त्यांच्या खांद्यावर कपाळ टेकलं, आणि त्या बाईने जो हंबरडा फोडला तो मला अजून ऐकू येतो. दोन महिने तिने डोळ्याला पाणी येऊ दिलं नव्हतं. परक्यासमोर नवऱ्याच्या अंगावर पदरही न लागू देणारी ती, आज तिला काही भान नव्हतं. मी पाय न वाजवता दाराकडे निघाले.

अण्णांनी तिच्या डोक्यावरून माझ्याकडे बघितलं. मग कॅमेऱ्याकडे.

मी मान हलवली. नाही. हे काय, आत्ता?

त्यांच्या कपाळाला आठी पडली. काम रेंगाळलं की स्टुडिओत पडायची, अगदी तीच. मी मागे फिरले. झाकण ओढलं आणि चेंडू हातात घेतला. उजेड कमी, दोन मोजून भागणार नव्हतं. मला किती ते कळेना. अण्णांनी तिच्या पाठीवर हात ठेवला, भिंगाकडे बघितलं आणि स्वतःच मोजलं, हळू, प्रत्येक आकडा सारख्या अंतरावर. एक. दोन. तीन. चार. मामींना ते ऐकूही आलं नाही.

त्याच दुपारी तंजावरला तार गेली. भाऊ तिसऱ्या दिवशी आला आणि शेवटपर्यंत राहिला. ते दोघं काय बोलायचे ते मला माहीत नाही, पण खाली माझ्या मेजापर्यंत हसण्याचा आवाज यायचा. अण्णा माझ्याशी आठ दिवस बोलले नाहीत. ते माझ्या वाटणीचं होतं, मी निमूट घेतलं. मग एकदा मामींच्या हाती निरोप आला की ती शेवटची काच छापून आणा. आणली. पुन्हा शुक्रवारी त्यांनी बोलावलं नाही. मार्गळी, म्हणजे पोंगलच्या आधीचा महिना, लागल्यावर एका सकाळी ते गेले.

तेराव्याला भिंतीवर लावायला फोटो हवा होता. भावाने जुना, तरुणपणचा काढला. मामींनी तो बाजूला ठेवला आणि माझी शेवटची काच मोठी करून मागितली. नातेवाईक हादरले. हार घातलेल्या फोटोत जिवंत माणूस? अशुभ! भाऊ मला म्हणाला, "बाई, वहिनीला कापून द्या, तुम्हांस काय अवघड?" काहीच अवघड नव्हतं. मी मामींकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "काहीं कापायचं नाहीं. हार अर्ध्याला घालीन."

आणि तसाच घातला. जास्तीचा एक खिळा फोटोच्या वरच्या चौकटीत मधोमध ठोकून घेतला आणि हार अण्णांच्या बाजूलाच पडेल असा बसवला. आम्ही मद्रास सोडेपर्यंत मी जाईन तेव्हा तो तसाच होता, ताज्या जाईचा.

त्या फोटोत मामी हललेल्या आहेत. चार आकडे मोजेपर्यंत हुंदक्यांनी त्यांचं सगळं अंग गदगदत होतं, त्यामुळे पाठ, अंबाडा, लुगड्याचे काठ सगळं फिस्कटलंय. अशी काच आमच्याकडे सरळ फुटायची, गिऱ्हाइकाला दाखवायचीही नाही. अण्णा मात्र स्वच्छ आलेत, हाताच्या शिरांसकट. घरी कोणी नवं आलं की फोटोजवळ जाऊन डोळे बारीक करायचं आणि विचारायचं, ही हललेली कोण?

"मीच," मामी सांगायच्या. "मी रडत होतें. ते नाहींत हलले."